एकच भाव आणि हळदीचे बोट

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की अप्पा आपला चष्मा कपाळावर सरकवीत, मान किंचित तिरकी करीत आणि विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघावे तसे समोरच्याच्या डोळ्यांत बघत. कापडाला अजून हातही लागलेला नसे. एखादा घाईने म्हणे, "अहो, कापड तर दाखवा!" त्यावर उत्तर ठरलेले होते: "कापड कुटं जातंय? कपाटात हाय की. भाव तुमच्या डोळ्यांत हाय, तो आदी बघू द्या."

सोलापुरात नवी पेठेत ज्या कापडदुकानाच्या माडीवर मी भाडेकरू आहे, त्या दुकानाचे हे मालक. त्यांचे पूर्ण नाव मी येथे देत नाही. हयात माणसाविषयी लिहिताना त्याची लेखी संमती घ्यावी, असे माझे मत आहे. आणि अप्पांकडे संमती मागितली तर ते तिच्यावरही घासाघीस करतील.

मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. आयुष्यभर ज्याने 'कायद्यापुढे सर्व समान' हे वाक्य सहीशिक्क्याचे कागद चाळताना पाहिले, त्याच्या पायाखालच्या मजल्यावर एकच धोतरजोडी तीन माणसांना तीन भावांनी विकली जावी, हे मला सहन होणे शक्य नव्हते. वाचकहो, आपणांपैकी ज्यांनी त्या काळात पेठेत खरेदी केली असेल, त्यांना हा अन्याय ठाऊक आहे. मी तो केवळ सोसला नाही. एका सकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसून पुरावा गोळा केला. अडतीच्या एका व्यापाऱ्याला धोतरजोडी ज्या भावाने मिळाली, त्याच्या पुष्कळच खाली ती वेळापूरहून आलेल्या एका शिक्षकाला मिळाली. कापड तेच, काठ तोच, विकणारा तोच. मी त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला, एक प्रत वर्तमानपत्राला पाठवली आणि एक प्रत, न्यायाला धरून, खुद्द अप्पांना पोचती केली.

त्यांनी ती प्रत गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. "ऐका, ऐका. 'सदर इसम ग्राहकाच्या मुखावलोकनावरून मूल्य ठरवितो.' रावसाहेबांनी माज्यावर लिवलंय. लई झ्याक लिवलंय की!" आणि माझ्यासाठी वर चहा धाडला. मी तो लाच समजून परत केला. माझ्या पत्नीने तो जिन्यातच अडवून पिऊन टाकला आणि साखर बेताची होती असा निरोप खाली पाठवला.

"रावसाहेब," एकदा अप्पा मला म्हणाले, "त्या अडत्याच्या डोळ्यांत मला तीन मजली घर दिसलं. मास्तराच्या डोळ्यांत परतीचं एसटीचं तिकीट दिसलं, ते बी अर्धंच. दोगांना एक भाव लावला तर देव मला इचारील."

"देवाचे अधिकारक्षेत्र वेगळे आहे," मी सांगितले. "आपण दुकान चालवता."

"तेच तर. दुकान मी चालवतो. कायद्याला गिऱ्हाईक वळखू येत न्हाय."

संतापाने माझे कान तापत. परंतु हेही नमूद केले पाहिजे की, ज्या दिवशी काही कारणाने आमचे भांडण होत नसे, त्या दिवशी मला दुपारचे जेवण गोड लागत नसे.

आता साथीच्या वर्षाकडे वळतो. लग्नसराई तोंडावर आली होती. अप्पांनी शालू, पातळे, इरकली असा माल छतापर्यंत रचला होता. समोरच्या बाजूला काचेच्या कपाटांचे एक नवे दुकान उघडले होते आणि अप्पांचे गिऱ्हाईक तिकडे वळू लागले होते. वहिनी, म्हणजे अप्पांच्या पत्नी, रोखठोक बाई; त्यांचे बिऱ्हाड माडीवर आमच्या शेजारीच. मूलबाळ नव्हते, मंगळवेढ्याला दिरांची ज्वारीची काळी जमीन होती. त्यांनी माझ्यादेखत नवऱ्याला बजावले, "ही सराई नीट गेली तर हितं ऱ्हाऊ. न्हाय गेली, तर दुकान पुतण्याच्या हाती द्या, न्हायतर इका, आनी चला मंगळवेढ्याला. माजे गुडगे आता हा जिना चढत न्हाईत."

अप्पा हसले, पण चष्मा पुसत राहिले. ते मंगळवेढ्यात जन्मले होते खरे, पण जगत होते ते या गादीवर. गादी सुटली असती तर हा माणूस पाण्याबाहेर पडला असता, हे आम्हा सर्वांना कळत होते.

आणि नेमकी तेव्हाच डोळ्यांची साथ आली.

ती कोठून आली, याविषयी पेठेत मतभेद होते. वर्तमानपत्रांत वाचले की ती समुद्र ओलांडून, देशोदेशी फिरून मुंबईस आली. तेथून आगगाडीने सोलापुरास यायला तिला तिकीट लागले नसावे. आठवड्याच्या आत निम्मे गाव लाल डोळ्यांनी, सुजलेल्या पापण्यांनी हिंडू लागले. जीव कोणाचा जात नव्हता, पण व्यवहार सगळे उलटेपालटे झाले. औषधदुकानांतून बोरिक पावडर आणि गुलाबपाणी नाहीसे झाले. हॉटेलवाले कपबशा उकळू लागले. न्हाव्याकडे लोक आपापला टॉवेल काखोटीला मारून जाऊ लागले. चित्रपटगृहांत मधल्या मधल्या खुर्च्या रिकाम्या दिसत. पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट ऐकून ज्यांना झोप लागे, त्यांना आता शांततेने जाग येऊ लागली; कारण तुटलेला धागा दिसायला डोळा लागतो, आणि विणकऱ्यांचे डोळे उघडत नव्हते. माग बंद, म्हणजे मजुरीही बंद.

एकच धंदा तेजीत होता, तो काळ्या चष्म्यांचा. हातगाड्यांवर त्यांचे ढीग लागले आणि भाव सकाळ-संध्याकाळ चढू लागला. त्यावर मी महापालिकेस एक खरमरीत पत्र लिहिले. एका लग्नात मी स्वतः पाहिले: मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला आणि नवरानवरी दोघेही काळा चष्मा लावून एकमेकांसमोर उभे. भटजींनीही लावला होता. नवरी इतकी हसू लागली की हार नवऱ्याच्या कानाला अडकला.

पण सर्वांत मोठा बदल असा की, लोकांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघणे सोडले. डोळ्यांत बघितले की साथ लागते, ही समजूत घरोघरी पक्की झाली. माणसे भिंतीशी बोलावे तसे एकमेकांशी बोलू लागली. आणि अप्पांचा धंदा तर डोळ्यांवर चालत होता!

गिऱ्हाईक यायचे ते तोंड फिरवून, नाहीतर काळ्या काचा लावून. अप्पा मान तिरकी करीत, खाली वाकत, बाजूने डोकावत; आणि गिऱ्हाईक ओरडे, "अहो, लांब! लांबूनच सांगा!" एका सधन बागायतदाराला त्यांनी गरीब समजून पडत्या भावाने शालू दिला. एका टांगेवाल्याच्या भारी चष्म्याला भुलून त्याला असा भाव सांगितला की तो टांग्यात बसून थेट समोरच्या काचेच्या दुकानापुढे उतरला.

"रावसाहेब, मी आंदळा झालो की वो," अप्पा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते अक्षरशः खरे ठरले. त्यांचेही डोळे आले; असे आले की दोन्ही पापण्या चिकटून बसल्या.

ऐन सराईत दुकान बंद पडण्याची वेळ आली. पुतण्या मालासाठी बाहेरगावी गेलेला आणि तिकडेच डोळे येऊन पडलेला. वहिनी मला म्हणाल्या, "रावसाहेब, तुमचे डोळे येऊन गेलेत. तुमाला आता परत येत न्हाईत म्हनं. तुमीच बसा की गादीवर."

"मी?" मी म्हणालो. "माझी या दुकानाविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे!"

"मग हितंच बसून चालवा की ती."

मी एका अटीवर मान्य केले. अट लेखी होती आणि तिच्यावर अप्पांचा अंगठा घेतला, कारण सही करायला त्यांना दिसत नव्हते. अट अशी: प्रत्येक वस्त्रावर भावाची चिठ्ठी लावली जाईल आणि त्या भावात राजा-रंक कोणासाठीही फरक होणार नाही. माझ्या स्वच्छ अक्षरात मी चिठ्ठ्या लिहिल्या, टाचण्यांनी लावल्या आणि दाराशी पाटी टांगली: 'एकच भाव.' मला वाटते, माझ्या आयुष्यात कोणत्याही अर्जाचा निकाल इतक्या लवकर लागला नव्हता.

अप्पा मागच्या खोलीत, पडद्याआड, डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवून पडून असत. पडून, पण गप्प नव्हे. डोळे गेले म्हणून त्यांनी कानांवर धंदा सुरू केला. गिऱ्हाईक बोलू लागले की पडद्यामागून खोकला येई. एकदा खोकले तर भाव उतरवा. दोनदा खोकले तर चढवा. ही खूण त्यांनी मला न विचारता ठरवली होती.

"आपल्याला खोकला झाला असेल तर ज्येष्ठमध घ्या," मी पडद्याकडे बघून म्हणे. "चिठ्ठी बदलणार नाही."

"अहो, पायताणाचा आवाज ऐका तिचा! फाटकं हाय!"

"पायताण हा पुरावा नव्हे."

लोकांना मात्र चिठ्ठ्या आवडल्या. बोलायला नको, जवळ जायला नको, डोळे वर करायला नकोत. भाव वाचायचा, पैसे ताटात टाकायचे, पुडके उचलायचे. पैशांचे ताट वहिनी उकळत्या पाण्यातून काढीत, आणि नाण्यांचीही आंघोळ होई. दुकान हळूहळू चालू लागले. पण सराई भरून निघावी इतके नाही. शालू तसेच पडून होते.

एका दुपारी पूर्व भागातून एक बाई आली. अंगाने काटक, डोळ्यांवर कोणाचा तरी मागून आणलेला चष्मा. घरचे माग बंद होते. मुलीचे लग्न ठरलेले, मुहूर्त हलणार नव्हता. मी तिला पातळे दाखवली. तिने एक बरेसे पातळ हातात घेतले, चिठ्ठी वाचली आणि खाली ठेवले. मग त्याहून हलके घेतले, तेही ठेवले. शेवटी सर्वांत खालचे, विरळ विणीचे एक उचलले. स्वतः विणकरीण ती. बोटांनी पोत चाचपला आणि एक सुस्कारा सोडला.

पडद्यामागून एक खोकला आला. मग थांबून थांबून एकेक खोकला येत राहिला. मी हललो नाही.

"अक्का," पडद्यामागून अप्पा ओरडले, "ते पयलं पातळ हाय न्हवं, त्याला डाग हाय! डागी माल! निम्म्या भावात घेऊन जा!"

मी पातळ उलगडून, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी तपासले. "डाग नाही," मी जाहीर केले.

"हाय म्हनतो की!"

"मालक, वस्तू माझ्यासमोर आहे. तिला डाग नाही. खोटे कारण दाखवून सवलत देता येणार नाही."

"वद्दु अण्णा, वद्दु," ती बाई पडद्याकडे बघून घाईने म्हणाली. "नको. भांडू नका माझ्यापायी. हे पातळ बास हाय."

पडदा बाजूला झाला. अप्पा बाहेर आले. पापण्या टोमॅटोसारख्या, गालांवरून दुधाचे ओघळ. चाचपडत ते देव्हाऱ्यापाशी गेले, हळदीच्या वाटीत बोट बुडवले, गादीशी आले आणि समोर हाताला लागेल त्या वस्त्राच्या पदरावर ते बोट ठामपणे टेकवले.

"आता?" ते विजयाने म्हणाले. "आता हाय का डाग?"

अप्पांनी हळद लावली होती ती पातळाला नव्हे. सकाळी एका गिऱ्हाइकासाठी काढून तसाच पडलेला, दुकानातला सर्वांत भारी जरीचा शालू गादीवर होता. त्याच्या पदरावर पिवळे बोट उमटले होते.

"अय्यो शिवा!" वहिनी किंचाळल्या. "शालू, वो! शालूला लावलं! साकु माड्री आता, पुरे करा तुमची दानत!"

अप्पांचे बोट हवेतच राहिले. मग त्यांनी शालूची जर चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी हे मान्य करतो की त्या क्षणी मला गंमत वाटली. परंतु निर्णय मी गंमत म्हणून दिला नाही. मी उभा राहिलो.

"मालकांनी स्वमुखाने जाहीर केले आहे की डागी माल निम्म्या भावात. डाग या वस्त्राला लागला आहे. सवलत यालाच."

"रावसाहेब, हळदीला का डाग म्हनतात?" वहिनी माझ्यावर धावून आल्या. "नव्या वस्त्राला हळदीचं बोट लावायचीच रीत हाय!"

"रीत घरी. दुकानात विक्रीपूर्वी लागला तो डाग."

अप्पा मिटल्या डोळ्यांनी असे हसू लागले की गादीवर बसावे लागले. "हरलो. कायद्यानं मारलं मला! अक्का, न्या शालू. पातळाचे पैसे आनलेत तेवढे ताटात टाका. बाकी या साहेबांच्या नावावर मांडतो."

"मांडून दाखवाच," मी म्हणालो.

ती बाई शालू हातात घेऊन उभी होती. चष्मा काढून तिने पदरावरचे ते बोट बघितले. तिचे डोळे साथीमुळे लाल होते, की आणखी कशाने, हे मी सांगू शकत नाही. "लग्नाआधीच हळद लागली," एवढेच ती म्हणाली आणि शालू कपाळाला लावून गेली.

दोन दिवसांनी पूर्व भागातून आणखी दोघी आल्या. त्यांनी शालू पसंत केला, चिठ्ठीवरचा पुरा भाव ताटात टाकला आणि म्हणाल्या, "अण्णांना सांगा, हळदीचं बोट लावा. त्या अक्काच्या पोरीला लावलं तसं." मग दक्षिण बाजूच्या खेड्यांतून कन्नड बोलणाऱ्या बाया आल्या, मग पेठेतल्याच आल्या. साथीच्या दिवसांत, जेव्हा कोणी कोणाच्या लग्नाला जाईना, हळदीला पाच सवाष्णी जमेनात, तेव्हा नवरीच्या वस्त्राला कोणाचे तरी आपुलकीचे बोट लागलेले असावे, असे त्यांना वाटले असेल. अप्पा दाराशी पाटावर बसत, डोळ्यांवर घडी, पुढ्यात वाटी, आणि बोट लावीत.

"आता सांगा साहेब," वहिनींनी मला पेचात पकडले, "एवढ्या साऱ्यांना डाग लागला. साऱ्यांना निम्मा भाव का?"

मी रात्रभर विचार करून ठेवलेला निवाडा दिला: "मागून घेतलेला डाग हा डाग नव्हे."

समोरच्या काचेच्या दुकानातले सेवक दारात येऊन आमची रांग बघत. सराई संपेपर्यंत एकही शालू उरला नाही. वहिनींनी शब्द पाळला. मंगळवेढ्याचे नाव काढले नाही. उलट जिन्याला कठडा बसवून घेतला.

साथ ओसरली. काळे चष्मे उतरले, माग पुन्हा खडखडू लागले. अप्पांचे डोळे निवळले तेव्हा मी चिठ्ठ्या काढून घेण्याची नोटीस येईल अशी वाट पाहत होतो. नोटीस आली नाही. पहिल्याच सकाळी ते चष्मा कपाळावर सरकवून गादीवर बसले, गिऱ्हाईक आले, आणि अप्पा म्हणाले, "बसा, भाव सांगतो."

"लिहिलाय की हितं," गिऱ्हाईक म्हणाले. त्याने चिठ्ठी वाचली, पैसे ताटात टाकले आणि तो गेला.

दुसराही तसाच गेला. तिसऱ्या बाईला अप्पांनी स्वतःहून कमी भाव सांगितला, तर ती संशयाने पातळ उलटसुलट करू लागली: "का? डागी हाय का?" चार महिन्यांत लोकांची सवय बदलली होती ती बदललीच. आसपासच्या दुकानांतही पाट्या लागल्या. धंदा पूर्वीपेक्षा चांगला होता. बरा झालेला पुतण्या परत येऊन काम बघू लागला. त्याचे हात भराभर चालत. अप्पा बसून असत. कोणी बसत नसे, चहा होत नसे, कोणाच्या मुलीचे, विहिरीचे, म्हशीचे काही कळत नसे.

पुढच्या सराईनंतर एके दिवशी ते माझ्या बिऱ्हाडात आले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"रावसाहेब, जातो मंगळवेढ्याला."

"वहिनींनी पुन्हा अट घातली?"

"ती न्हाय म्हनती. कठड्याला खर्च केलाय म्हनती. मीच जातो. हितं भाव कागद सांगतो, पैसं ताट घेतं. माजं काय काम? तितं बाजारात अजून मानसं भांडत्यात म्हनं, कोथमिरीच्या जुडीवर बी."

मी बरेच युक्तिवाद केले. स्थिर भावाने ग्राहकाचा वेळ वाचतो, हिशेब स्वच्छ राहतो, अजाण माणसाची फसवणूक टळते. ते सर्व खरे होते आणि आजही खरे आहे. अप्पांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "बरोबर हाय. तुमी जिंकला की. मी कुटं न्हाय म्हनतो?" आणि पत्नीने आणलेला चहा पिऊन, साखर बेताची आहे असे सांगून, जिना उतरले.

ते गेले त्यानंतर काही दिवसांनी मी खाली दुकानात गेलो. भरपूर गर्दी होती. बाया चिठ्ठ्या वाचत होत्या, पुतण्या पुडकी बांधत होता, आणि एवढ्या माणसांच्या दुकानात टाचण्या पडल्या तरी ऐकू येत होत्या. मी एक साधा पंचा उचलला.

"काय भाव?" मी विचारले.

पुतण्याने चिठ्ठीकडे बोट केले.

"फार आहे. कमी करा."

"काका, एकच भाव की. तुमचंच अक्षर हाय ते."

"अक्षर माझे असेल. पंचा विरळ आहे. काठ बघा. या पंच्याला एवढा भाव ही उघड लूट आहे!"

"काका, तुमीच तर..."

"मी काय केले याचा येथे संबंध नाही!" माझा आवाज चढला. गर्दी वळून बघू लागली. एक म्हातारी म्हणाली, "खरंच हाय, इरळ हाय." दुसरी म्हणाली, "कुटं इरळ? चांगला घट्ट हाय, म्हातारा कटकटी हाय." कोणीतरी स्टूल पुढे सरकवले, मी बसलो, कोणीतरी चहा सांगितला. धाग्यावरून काठाकडे, काठावरून कोणाच्या तरी जावयाकडे गोष्टी गेल्या. पुतण्याला घाम फुटला. अखेर त्याने हात जोडले, "बरं काका, चार आणे कमी द्या. पण कुनाला सांगू नका."

मी उठलो, चिठ्ठीवर लिहिलेला पूर्ण भाव ताटात टाकला, रीतसर पावती घेतली आणि पंचा खांद्यावर टाकून जिना चढलो.